एकदाच लिहावयाची यादी

आपल्याकडे लग्न ठरले की मुहूर्त धरण्याआधी याद्या होतात. दोन्ही घरची वडीलधारी मंडळी सतरंजीवर बसतात, पानसुपारी फिरते, आणि मानपान कोणाकोणाचा, वऱ्हाड किती माणसांचे, जेवणावळी कोणाकडे, आहेर कोणास काय, हे सारे एका कागदावर उतरते. शेवटी दोन्हीकडच्या सह्या होतात. हेतू एवढाच की ऐन मांडवात कोणी कोणास काही विचारीत बसू नये. जे विचारावयाचे ते अगोदरच विचारून झालेले असते. मने जुळली तर त्याच बैठकीत 'यादी पे शादी'ही उरकते.

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी मला संगणकाविषयी, तेही मुलांना उपयोगी पडेल आणि आजोबांनाही समजेल असे, काही लिहावयास सांगितले, तेव्हा मला ही यादीच आठवली. संगणकावर त्याची मूळ प्रणाली बसवताना तो जे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरे आधीच एका यादीत लिहून ठेवता येतात. आणि मग एक काय, वीस यंत्रे त्याच यादीवरून तयार होतात. ही युक्ती सोपी आहे, फार कामाची आहे, आणि जपून न वापरली तर घातकही आहे. या तिन्ही बाजू क्रमाने पाहू.

संगणक काय विचारतो?

संगणक हे नुसते यंत्र होय. त्याचा कारभार पाहणारा निराळा. कळफलकावर बोट पडले की पडद्यावर अक्षर उमटवावे, लिहिलेला मजकूर जागच्या जागी ठेवावा, छापावयाचा कागद प्रिंटरकडे धाडावा, ही सारी व्यवस्था जी पाहते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण तिला कारभारी म्हणू. विंडोज हा एक कारभारी. तो बहुतेकांच्या परिचयाचा आहे. लिनक्स हा दुसरा. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा तयार केला आणि तो सर्वांस खुला ठेवला. त्यावर उभारलेल्या डेबियन, फेडोरा, उबुंटू अशा अनेक प्रणाली आज कोणासही फुकट घेता येतात.

हा कारभारी नव्या यंत्रात आणावयाचा म्हटले की तो दारातच प्रश्नांची सरबत्ती करतो. भाषा कोणती? कळफलक कोणता? घड्याळ कोणत्या देशाचे लावू? यंत्राचे नाव काय? वापरणाऱ्याचे नाव काय? पासवर्ड काय? हार्ड डिस्कचे भाग कसे पाडू? आधी जे काही आहे ते पुसू काय? बरोबर कोणते कार्यक्रम घेऊ? एका प्रश्नाचे उत्तर दिले की तो पाच मिनिटे आपले काम करतो आणि पुन्हा येऊन पुढचा प्रश्न विचारतो. माणसास तेथून हलता येत नाही. घरच्या एका यंत्रासाठी हे ठीक आहे. पण शाळा, वसतिगृह, अभ्यासिका अशा ठिकाणी वीस यंत्रे असली तर?

हा प्रश्न आताच का निघाला?

विंडोज १० या प्रणालीला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या पुरवण्याचे काम मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्यानंतरच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. २०१७ पूर्वीच्या बहुतेक यंत्रांवर ती नियमाने बसत नाही. आपल्या भागातील संस्थांकडे असलेली यंत्रे पुष्कळदा देणगीतून आलेली, म्हणजे जुनीच. यंत्र धडधाकट आहे, पण कारभारी निवृत्त झाला, अशी त्यांची स्थिती आहे. ती भंगारात काढावयाची की दुसरा कारभारी नेमावयाचा? नेमावयाचा तर एका वेळी एक नव्हे, सगळ्याच यंत्रांवर नेमावा लागतो.

हाताने वीस वेळा तेच काम केले की केवळ वेळ जातो असे नाही. खरी अडचण पुढेच आहे. पहिल्या पाच यंत्रांवर मन लावून काम होते. सहाव्यापासून कंटाळा येतो. सातव्यावर कन्नड कळफलक राहून जातो, बाराव्यावर घड्याळ परदेशी वेळेस लागते, पंधराव्याचा पासवर्ड काय ठेवला ते बसवणाऱ्यालाच आठवत नाही. हे काम करणारा उत्साही तरुण पुढे नोकरीस पुण्यास किंवा हैदराबादेस जातो. मग सहा महिन्यांनी एक यंत्र बिघडले की त्याला फोन करावा लागतो, आणि तोही बिचारा म्हणतो, "मी तेव्हा काय केलं होतं ते आता ध्यानात नाही."

आपल्या शेजारच्या दोन गावांच्या कारागिरीवरून हा फरक नीट कळेल. बिदरी काम आपल्या अभिमानाचा विषय. जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर कारागीर हाताने नक्षी कोरतो, तीत चांदी बसवतो, आणि बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांनी ते काळे करतो. तेथे प्रत्येक वस्तू निराळी, आणि त्यातच तिची किंमत. उलट सोलापुरी चादर घ्या. तिची नक्षी जकार्ड मागावर निघते. फ्रान्समधील जकार्ड याने १८०४ च्या सुमारास काढलेल्या या युक्तीत नक्षी विणकराच्या हातात नसून भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असते. कोणता धागा वर उचलावयाचा हे पुठ्ठा सांगतो. म्हणून पहिली चादर आणि शंभरावी चादर सारखीच निघते, आणि विणकर बदलला तरी नक्षी बदलत नाही. यंत्रांवर प्रणाली बसवणे हे बिदरी काम नव्हे. ते सोलापुरी चादरीचे काम आहे. त्याला पुठ्ठा पाहिजे.

यादी कशी असते?

हा पुठ्ठा म्हणजे साध्या अक्षरांत लिहिलेली एक फाइल. संगणकाने ओळीने वाचून त्याबरहुकूम काम करावे अशा लिखाणास स्क्रिप्ट म्हणतात. प्रत्येक घराण्याची लिहिण्याची रीत वेगळी आहे, अर्थ एकच.

विंडोजच्या घराण्यात या फाइलीस उत्तरांची फाइल असेच म्हणतात. तिला 'ऑटोअनअटेंड' हे ठरलेले नाव देऊन विंडोजच्या पेनड्राइव्हवर सर्वांत वरच्या जागी ठेवले की बसवणारा कार्यक्रम आपण होऊन ती शोधतो आणि विचारण्याऐवजी तीत पाहतो. रेड हॅट कंपनीच्या आणि फेडोराच्या घराण्यात तिला किकस्टार्ट म्हणतात. तेथे एक मोठी सोय आहे. पहिले यंत्र तुम्ही हाताने, प्रश्नांना उत्तरे देत बसवा. काम संपल्यावर तो बसवणारा कार्यक्रमच तुमची सगळी उत्तरे किकस्टार्टच्या रूपात लिहून त्या यंत्रात ठेवून देतो. म्हणजे नवशिक्याने कोऱ्या कागदापासून आरंभ करावयास नको. तयार यादी घेऊन तीत फेरफार करावा.

डेबियनच्या घराण्यातील नाव मला फार आवडते. तेथे या पद्धतीस 'प्रीसीड' म्हणतात, म्हणजे आधीच पेरून ठेवणे. त्यात प्रत्येक प्रश्नाला एक ठरलेले नाव असते. त्या नावापुढे आपण उत्तर पेरावयाचे. ज्या प्रश्नाचे उत्तर पेरलेले नाही तेवढाच प्रश्न तो थांबून विचारतो. २००५ पासूनच्या डेबियनमध्ये ही सोय आहे. उबुंटूने आपली निराळी रीत काढली. तिला 'ऑटोइन्स्टॉल' म्हणतात. ती २०२० साली सर्व्हरसाठी आली, आणि २०२४ च्या आवृत्तीत टेबलावरच्या साध्या संगणकांसाठीही वापरता येते. तीत ओळीच्या आरंभी किती जागा सोडली यावर अर्थ ठरतो, म्हणून समास नीट सांभाळावा लागतो. एक जागा इकडची तिकडे झाली तर यादी वाचलीच जात नाही.

आपल्यासाठी अशी यादी कशी होईल ते पाहा. पडद्याची भाषा मराठी. कळफलक तीन: इंग्रजी, मराठी आणि कन्नड. घड्याळ भारताचे, ते यादीत 'एशिया-कोलकाता' या नावाने लिहितात. वापरणारा 'विद्यार्थी', आणि त्यास कार्यक्रम काढण्या-घालण्याचा अधिकार नाही. कार्यक्रमांत लिहिण्याचा, हिशेबाचा, इंटरनेट पाहण्याचा एकेक. शेवटी आणखी एक छोटी स्क्रिप्ट जोडता येते. सगळे बसून झाले की ती आपोआप चालते आणि प्रिंटर जोडणे, अक्षरांचे ठसे म्हणजे फॉन्ट घालणे, अशी उरलीसुरली कामे करते.

भाषेचा तपशील मी मुद्दाम लिहिला. औराद हे कर्नाटकाचे उत्तरेचे टोक. एका अंगास महाराष्ट्र, दुसऱ्या अंगास तेलंगण. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बिदर जिल्हा विभागला गेला तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. घरी मराठी, कचेरीत कन्नड, निजामाच्या अमदानीत शिकलेल्या आजोबांचे कागद उर्दूत, असा आपला व्यवहार. बाहेरून आलेल्या तयार यंत्रावर ही सोय आयती मिळत नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी आठवणीने करावी लागते आणि नेमकी तीच राहते. यादीत ती एकदा लिहिली की राहत नाही. सोय मात्र पूर्वीच झालेली आहे. डेबियनचा बसवणारा कार्यक्रम मराठीतून आणि कन्नडमधूनही प्रश्न विचारतो. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनवरूनच 'बॉस' नावाची भारतीय भाषांची प्रणाली २००७ साली काढली. आणि १९९१ च्या भारतीय मानकात असलेला इन्स्क्रिप्ट कळफलक असा आखलेला आहे की ज्या कळीवर मराठी 'क' आहे त्याच कळीवर कन्नड 'क'ही आहे. जो मुलगा एक लिपी शिकला त्याचे बोट दुसरीतही आपोआप चालते. आपल्या गावच्या मुलांना यासारखा दुसरा लाभ नाही.

यादी यंत्रापर्यंत कशी पोचते?

मार्ग दोन. पहिला पेनड्राइव्हचा. प्रणाली व यादी दोन्ही त्यावर ठेवावयाची, यंत्रास लावावयाचे आणि यंत्र सुरू करावयाचे. चार-पाच पेनड्राइव्ह असले तर वीस यंत्रे एका दिवसात होतात.

दुसरा तारेचा. इंटेल कंपनीने १९९९ साली पक्की केलेली पीएक्सई नावाची पद्धत बहुतेक यंत्रांत असते. यंत्र जागे झाले की ते जाळ्यातील सर्वांस विचारते, "मी कोण? माझा पत्ता काय? मी कोठून सुरू होऊ?" जाळ्यात एक यंत्र सर्व्हर म्हणून बसवलेले असते, ते त्यास पत्ता देते आणि आरंभीची फाइल कोठे आहे ते सांगते. पुढे प्रणाली आणि यादी दोन्ही तारेवरून येतात. पेनड्राइव्ह लागतच नाही. या सर्व्हरवर लागणाऱ्या सामानाचा साठाही ठेवता येतो, म्हणजे तेच कार्यक्रम वीस यंत्रांसाठी वीस वेळा इंटरनेटवरून ओढावे लागत नाहीत. आपल्याकडील इंटरनेटची गती पाहता हा मुद्दा लहान नाही.

एक चूक, माझीच

आता घातक बाजू. ती मी पुस्तकातून शिकलो नाही, म्हणून लाज सोडून सांगतो.

माझ्या काकांचे बी-बियाणे आणि खतांचे दुकान आहे. उधारीचा हिशेब संगणकावर होता. मी माझ्या स्वतःच्या जुन्या यंत्रासाठी एक पेनड्राइव्ह तयार केला होता, आणि मोठ्या अभिमानाने त्यावरच्या यादीत एकही प्रश्न शिल्लक ठेवला नव्हता. एके संध्याकाळी काही फोटो घेण्यासाठी तोच पेनड्राइव्ह दुकानातल्या संगणकास लावला आणि विसरून घरी आलो. सकाळी काकांनी दुकान उघडले, पूजा केली, संगणकाचे बटण दाबले. यंत्र सुरू होताना आधी पेनड्राइव्ह पाहावा अशी नोंद त्यात होती. गिऱ्हाइकांशी बोलण्यात अर्धा तास गेला. नंतर पाहतात तो स्वच्छ नवा पडदा, आणि त्यावर मराठीत स्वागत. दोन वर्षांची उधारी नाहीशी झाली होती.

मी धावत गेलो. काका रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "अरे, पुसू का म्हणून त्यानं विचारलं नाही का?"

मी म्हणालो, "काका, विचारू नकोस म्हणून मीच लिहिलं होतं."

काकांची जुनी सवय म्हणून कच्ची वही चालू होती; तिच्यावरून महिनाभर बसून हिशेब पुन्हा उभा केला. वही नसती तर काय झाले असते ते सांगावयास नको. त्या दिवसापासून मला एक गोष्ट पटली. यंत्र कितीही शहाणे असो, त्याला संकोच नसतो. माणूस वाईट काम करण्याआधी क्षणभर थबकतो. यादी थबकत नाही. म्हणून कोणत्या प्रश्नांची उत्तरे लिहावयाची यापेक्षा कोणता प्रश्न मुद्दाम न लिहिता ठेवावयाचा, यातच खरे शहाणपण आहे.

उबुंटूच्या कर्त्यांनी हे ओळखले आहे. त्यांच्या सर्व्हरच्या पद्धतीत यादी पूर्ण असली तरी डिस्कवर हात घालण्यापूर्वी यंत्र एकदा होकार मागते. तो होकारही नको असेल तर सुरुवातीच्या आज्ञेत एक शब्द वेगळा घालावा लागतो. विसरलेल्या पेनड्राइव्हने दुसऱ्याचे यंत्र पुसू नये, हाच त्यामागचा उद्देश. शिवाय यादीतच 'एवढे भाग माणसास विचारा' असे लिहिण्याची सोय आहे. डेबियनमध्ये तर डिस्कचे उत्तर न पेरले की तो प्रश्न आपोआप विचारला जातो.

पाळावयाचे नियम

पहिला नियम: डिस्क पुसण्याचा होकार यादीत लिहू नये. तेवढ्यासाठी प्रत्येक यंत्रापुढे माणूस उभा राहावा. वीस वेळा 'होय' म्हणण्यास पाच मिनिटे लागतात. त्यांची काटकसर करू नये.

दुसरा: आधी नक्कल. यंत्रातील हिशेब, छायाचित्रे, सभासदांची नोंद दुसऱ्या जागी उतरवून घ्यावी, आणि ती नक्कल खरोखर उघडते की नाही ते पाहावे.

तिसरा: डिस्कचे नाव डोळे झाकून लिहू नये. लिनक्समध्ये जुन्या डिस्कचे नाव एक असते, नव्या एनव्हीएमई डिस्कचे दुसरे. एका यंत्रावर बरोबर चाललेली यादी दुसऱ्यावर अडते, किंवा भलत्याच डिस्कवर जाते. म्हणून पहिली चाचणी एकाच रिकाम्या यंत्रावर करावी.

चौथा: पासवर्ड उघड लिहू नये. त्याचे दळलेले रूप लिहिण्याची सोय सर्व लिनक्स घराण्यांत आहे. पिठाचे जसे पुन्हा जोंधळे होत नाहीत, तसा त्यावरून मूळ शब्द काढता येत नाही. मात्र शब्दच सोपा, म्हणजे गावाचे नाव वगैरे, असेल तर चोर अंदाजाने ओळखतो.

पाचवा नियम मी सर्वांत मोठा मानतो: यादी छापून संस्थेच्या दप्तरात लावावी. वर तारीख, खाली कोणी लिहिली त्याची सही. नंतर जो बदल होईल तो का केला, हे एका ओळीत लिहावे. यंत्रात एक प्रत, दप्तरात एक प्रत.

आपला न्यास इतकी वर्षे चालला तो काही एका माणसाच्या स्मरणशक्तीवर चालला नाही. घटना लिहिलेली होती, ठराव लिहिलेले होते, पै-पैचा हिशेब लिहिलेला होता. माणसे आली, गेली. जुना चिटणीस ज्या ओळीवर थांबला तेथून नवा चिटणीस पुढे लिहू लागला. संगणक आले आणि आपण ही रीत तेवढ्यापुरती विसरलो. त्यांची सगळी विद्या एखाद्या हुशार मुलाच्या डोक्यात राहिली आणि तो गावाबाहेर पडताच आपण अडलो. दोष मुलाचा नाही, त्याने जावेच. त्याने जाण्यापूर्वी यादी मागून घेणे हे आपले काम होते.

म्हणून तरुण मंडळींस माझी विनंती आहे की येत्या सुटीत दोघा-तिघांनी मिळून एका जुन्या यंत्रावर अशी यादी करून पाहावी. आणि वडीलधाऱ्यांस विनंती की त्यांनी त्या वेळी शेजारी बसावे. संगणक येत नाही म्हणून संकोच करू नये. कोणती भाषा, कोणाचे नाव, कोणास अधिकार, काय जपावयाचे आणि काय पुसावयाचे, हे प्रश्न तंत्राचे नाहीतच. ते याद्यांच्या बैठकीतले प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे वडीलधाऱ्यांइतकी चांगली कोणास ठाऊक आहेत? लिहिणारा हात तरुणाचा असो, पण "पुसू काय?" असे यंत्राने विचारले म्हणजे क्षणभर थांबून, विचार करून, होय की नाही ते सांगणारे माणूस तेथे हजर असावे.